जुनं सीएमएस सोडून नवं घेताना

आमच्या संस्थेची सगळी संकेतस्थळं, म्हणजे मुख्य स्थळ, विभागांची उपस्थळं आणि तीन भाषांतल्या आवृत्त्या, २०२५ च्या सुरुवातीला नव्या सीएमएसवर, म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर लिहायच्या-सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर, आली. काम जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जुना सर्व्हर बंद झाला. मजकूर विभागाची प्रमुख म्हणून मी या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते. सुरुवातीला मी इंटरनेटवर बरंच शोधलं. विक्रेत्यांची माहितीपत्रकं आणि ‘योग्य सीएमएस कसं निवडाल’ छापाचे लेख ढिगानं सापडले. ज्या माणसाला रोज त्या पडद्यावर मजकूर टाकायचा आहे, त्याच्या बाजूनं लिहिलेलं मात्र फार कमी होतं. हे काम अंगावर आलेल्या कुणाला थोडा आधार मिळावा, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात आमच्या जुन्या सीएमएसच्या कंपनीकडून आलेल्या एका पत्रानं झाली. आम्ही वापरत असलेल्या आवृत्तीचा आधार (दुरुस्त्या आणि मदत) पुढच्या वर्षअखेर संपणार, यापुढे क्लाउडवरचं नवं उत्पादन घ्या, असं त्यात होतं. ‘अपग्रेड’ हा शब्द पत्रात अनेकदा आला होता. प्रत्यक्षात नव्या उत्पादनाची मांडणी, टेम्प्लेटची (पानांच्या साच्यांची) भाषा, साठवणीची पद्धत सगळंच वेगळं होतं. आमचं एकही टेम्प्लेट तिकडे चालणार नव्हतं. आमच्या तंत्रविभागाच्या प्रमुखांनी पत्र वाचून एवढंच म्हटलं, “मॅडम, स्थलांतर करायचंच आहे, तर मग याच कंपनीकडे का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.” त्यांच्या या वाक्यामुळे पुढची सगळी प्रक्रिया उघडली.

त्या आठवड्यात मी या उद्योगाचा इतिहास वाचत बसले, आणि मनावरचा ताण बराच उतरला. हे फक्त आमच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. १९९५ साली सुरू झालेल्या व्हिन्येट आणि इंटरवोव्हन या दोन कंपन्या एके काळी या क्षेत्रातली सर्वांत मोठी नावं होती. २००९ मध्ये व्हिन्येट ओपनटेक्स्टनं घेतली. त्याच वर्षी इंटरवोव्हन ऑटोनॉमीकडे गेली, २०११ मध्ये ऑटोनॉमी एचपीकडे गेली, आणि २०१६ मध्ये इंटरवोव्हनचं टीमसाइट हे उत्पादन ओपनटेक्स्टकडेच आलं. एकेकाळचे कट्टर प्रतिस्पर्धी शेवटी एकाच घरात नांदायला लागले. बाझेलची डे सॉफ्टवेअर २०१० मध्ये अडोबीनं घेतली, आणि तिचं सीक्यू आज अडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर म्हणून विकलं जातं. फॅटवायर २०११ मध्ये ओरॅकलकडे गेली. ॲम्स्टरडॅमची ट्रिडियन २००७ मध्ये एसडीएलकडे आणि २०२० मध्ये एसडीएलसकट आरडब्ल्यूएसकडे गेली. स्वीडनच्या एपिसर्व्हरनं २०२० मध्ये ऑप्टिमायझली विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचं नाव बदलून ऑप्टिमायझली केलं.

ही यादी मी आमच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहिली होती. कुणाला नावं ठेवायची नव्हती. कंपन्या विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. पण दहा वर्षांसाठी सॉफ्टवेअर निवडतो आहोत असं समजून बसलेल्या वरिष्ठांना एक गोष्ट डोळ्यांसमोर हवी होती: उत्पादनाचं नाव, मालक आणि दिशा या काळात बदलू शकते, आमचा मजकूर मात्र आमच्याच जबाबदारीवर राहणार. पुढे मतभेद झाले की आम्ही त्या यादीकडे परत जात असू. तुमच्याकडे असं काम सुरू होत असेल, तर पहिल्या बैठकीला अशी यादी जरूर घेऊन जा. त्यानं चर्चेचा रोख बदलतो.

फेब्रुवारी ते एप्रिल जुन्या पानांची मोजणी चालली. माळा साफ करायला काढला की कुणाला आठवतही नसलेल्या वस्तू निघतात, तसं झालं. मेनूतून जितकी पानं दिसत होती, त्याच्या कितीतरी पट पानं सर्व्हरवर होती. क्रॉलर, म्हणजे लिंकांवरून लिंकांवर जात पानं शोधणारा प्रोग्राम, चालवून एक यादी काढली आणि सीएमएसच्या डेटाबेसमधून दुसरी. दोन्ही जुळवल्या. हे दोन्ही करणं गरजेचं आहे, कारण क्रॉलरला फक्त लिंक असलेली पानं सापडतात. कुठूनच लिंक नसलेली, पण कुणाच्या तरी जुन्या ईमेलमधून आजही उघडली जाणारी पानं डेटाबेसमध्येच मिळतात.

तक्त्यात रकाने थोडेच ठेवले: पत्ता, भाषा, शेवटचा बदल, वर्षभरातल्या भेटी, जबाबदार व्यक्ती आणि निर्णय. निर्णयाचे पर्याय चार: जसंच्या तसं न्यायचं, नव्यानं लिहायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं, काढायचं. सगळ्यात जड गेला तो ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना. पान तयार करणारे लोक कधीच दुसऱ्या विभागात गेलेले, काही निवृत्त झालेले. विभागप्रमुखांना तक्ता पाठवला की उत्तर यायचं, “सगळंच महत्त्वाचं आहे.” मग आम्ही नियम केला: ज्या पानापुढे मे महिन्याअखेर कुणाचं नाव लागणार नाही, ते नव्या स्थळावर येणार नाही, फक्त संग्रहात जाईल. संचालकांच्या सहीनं हे परिपत्रक निघालं, आणि दोन आठवड्यांत नावं भरली गेली. सहीशिवाय हे झालं नसतं, म्हणून ती आधीच घेऊन ठेवा. ज्या पानांचा मुद्दा कायदेशीर नोंदींशी जोडलेला होता, ती काढण्याआधी विधी विभागाची लेखी संमती घेतली. त्याला वेळ लागला, पण पुढे कुणी बोट दाखवू शकलं नाही.

त्यानंतर गरजांची यादी आली, आणि इथे या उद्योगाबद्दल माझं पहिलं ठाम मत तयार झालं.

प्रत्येक विभागानं आपापल्या मागण्या पाठवल्या. त्या जोडून झालेला तक्ता प्रचंड होता. प्रत्येक ओळीपुढे विक्रेत्यानं ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं. अशा तक्त्याला प्रत्येक विक्रेता जवळपास सगळीकडे ‘होय’च लिहितो, आणि ते खोटंही नसतं. वर्कफ्लो (लिहिण्यापासून मंजुरीपर्यंतचे टप्पे) सगळ्यांकडे असतो, बहुभाषिक सोय असते, आवृत्त्यांचा इतिहासही असतो. तो कसा आहे, हेच त्यातून कळत नाही. शिवाय या उद्योगाला दर काही वर्षांनी आपल्या मालाचं नवं नाव हवं असतं. आधी वेब कंटेंट मॅनेजमेंट होतं, मग त्यात ‘एक्सपिरियन्स’ आलं, मग डिजिटल एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्म, आता कम्पोजेबल, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायचं. गार्टनर या सल्लागार कंपनीनं २०१८ पासून डिजिटल एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्मचा वेगळा मॅजिक क्वाड्रंट, म्हणजे विक्रेत्यांना चार चौकटींत मांडणारा तक्ता, काढायला सुरुवात केली, आणि पुढे वेब कंटेंट मॅनेजमेंटचा जुना क्वाड्रंट बंदच केला. वरिष्ठांच्या हातात असा तक्ता असतो आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातलं नाव घेतलं की प्रश्न सुटला असं वाटतं. त्या कोपऱ्यात जागा मिळते ती कंपनीची दृष्टी आणि अंमल करण्याची क्षमता यांवर. सूचना विभागातल्या संपादिकेला रात्री एक तातडीची दुरुस्ती किती सहज करता येईल, याचं उत्तर तिथे नाही.

म्हणून आम्ही होय-नाहीचा तक्ता बाजूला ठेवला आणि प्रसंग लिहिले. एक सूचना रात्री प्रसिद्ध करायची आहे, मंजुरी देणारे रजेवर आहेत, काय होईल? एकाच कार्यक्रमाची तारीख बदलली, ती चार ठिकाणी दिसते, किती जागी बदलावी लागेल? मूळ भाषेतलं पान बदललं, भाषांतर करणाऱ्याला ते कसं कळेल? चुकीचं पान प्रसिद्ध झालं, मागची आवृत्ती परत आणायला कोणाची परवानगी लागेल? असे दीडेक डझन प्रसंग झाले. ते लिहायला संपादकांनाच बसवलं. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी कागद हाच ठरला, आणि त्यावर खर्च शून्य.

जुलै २०२३ मध्ये आरएफपी, म्हणजे विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज, निघाला. आमच्यासमोर साधारण तीन घराणी होती. पहिलं, मोठ्या संचांचं: अडोबी, साइटकोअर, ऑप्टिमायझली, ओपनटेक्स्ट. यांत मजकुराबरोबर व्यक्तीनुसार पान बदलणं, चाचण्या, मोहिमा, विश्लेषण असं बरंच काही एकत्र किंवा शेजारी मिळतं. दुसरं, मुक्त स्रोताचं: ड्रूपल, वर्डप्रेस. यांच्या मागेही ॲक्विया किंवा ऑटोमॅटिकसारख्या कंपन्या उभ्या आहेत. तिसरं, हेडलेस: कंटेंटफुल, सॅनिटी, स्ट्रापी. यांत मजकूर फक्त साठवला आणि एपीआयनं (दुसऱ्या प्रोग्रामला तो मागून घेता येईल अशा जोडणीनं) पुरवला जातो, तो दिसणार कसा हे तुमच्या प्रोग्रामरनी ठरवायचं.

मला या तिन्हींबद्दल जे वाटलं ते सांगते. मोठे संच खरोखर ताकदवान आहेत, पण त्यातलं व्यक्तीनुसार पान बदलण्याचं यंत्र चालवायला प्रत्येक वाचकगटासाठी वेगळा मजकूर लिहावा लागतो. आमच्याकडे एकच आवृत्ती वेळेत ताजी ठेवताना नाकी नऊ येत होते. ज्या संस्थेत यासाठी वेगळी माणसं नाहीत, तिनं त्या सोयीचे पैसे देऊ नयेत. मुक्त स्रोताला लायसन्स फी नाही, पण ‘फुकट’ समजू नये. ड्रूपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेलं ड्रूपल ८ आतून इतकं बदललेलं होतं, की ७ वरून ८ वर जाणं म्हणजे जवळजवळ नवी उभारणी होती. अनेकांना ते जमेना, म्हणून ड्रूपल ७ चा आधार वाढवत वाढवत ५ जानेवारी २०२५ पर्यंत नेला गेला. म्हणजे सक्तीचं स्थलांतर इथेही असतं. फरक इतकाच, की इथे कोड तुमच्या हातात असतो, आणि मुदत संपल्यावर कुणी तुमच्या दारात कुलूप लावत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. हेडलेसची रचना स्वच्छ आहे, पण आमच्या संपादकांचा पहिला प्रश्न होता, “ताई, पान कसं दिसेल ते प्रसिद्ध करण्याआधी बघता येईल ना?” हे प्रिव्ह्यू वेगळं बांधून घ्यावं लागतं, आणि ते अंदाजपत्रकात हमखास सुटतं.

ऑगस्ट आणि सप्टेंबर डेमोंमध्ये गेले. पहिल्या विक्रेत्याचा डेमो त्यांच्या पद्धतीनं झाला. सुंदर छायाचित्रं, एका काल्पनिक प्रवास कंपनीचं पान, माऊसनं उचललेले ठोकळे अलगद जागेवर बसत होते. खोलीतले सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना विचारलं, काय आवडलं? एकालाही नेमकं सांगता येईना. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली आणि सगळ्यांना सारखीच अट घातली, पहिल्या विक्रेत्यालाही पुन्हा बोलावलं. डेमो आमच्या मजकुरावर होईल. आम्ही आमची दहा पानं आधी देऊ, त्यात सर्वांत लांब कोष्टक, तळटीपांनी भरलेला नियम आणि तीन भाषांतलं एक पान असेल. आणि दुसऱ्या तासाला कीबोर्ड आमच्या संपादकांच्या हातात राहील.

या एका बदलानं चित्र पालटलं. वर्डमधून कोष्टक चिकटवलं तेव्हा एका ठिकाणी पानाची रचनाच फुटली. दुसरीकडे मजकूर व्यवस्थित आला, पण रंग, फॉन्ट, मोकळ्या ओळी असा वर्डचा सगळा गाळही बरोबर आला. एका नावाजलेल्या उत्पादनात आमच्या संपादिकेला कालच बदललेलं पान झाडासारख्या यादीतून शोधताना इतका वेळ लागला, की विक्रेत्याच्या प्रतिनिधींनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, “तुमचा पार्टनर यासाठी डॅशबोर्ड करून देईल.” मी वहीत लिहून ठेवलं आणि विचारलं, “त्याचा खर्च तुमच्या दरपत्रकात धरला आहे का?” धरलेला नव्हता.

डेमोतली दोन-तीन उत्तरं लगेच ओळखायला शिका. ‘रोडमॅपवर आहे’ याचा अर्थ आज नाही, आणि तसंच गुण देताना धरायचं. ‘कॉन्फिगर करता येतं’ म्हटलं, की लगेच विचारायचं: पडद्यावरून करता येतं की कोड लिहावा लागतो? कोड लिहावा लागत असेल, तर पुढच्या अपग्रेडला तो टिकेल याची हमी कोण देणार? आणि प्रत्येक उत्तर लेखी मागायचं. ती उत्तरं आम्ही पुढे कराराला परिशिष्ट म्हणून जोडली. ही अट आरएफपीमध्येच लिहिली होती, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही, आणि उत्तरंही आपोआप अधिक काळजीपूर्वक आली.

गुणांकनात संपादकांच्या गुणांना तंत्रविभागाइतकंच वजन दिलं. यावर वाद झाला. पण सॉफ्टवेअर दिवसभर वापरणारे तेच, हे मी सोडलं नाही. आमच्या सूचना विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी एका उत्पादनाला फार कमी गुण दिले आणि कारण लिहिलं: ‘जतन झालं की नाही ते कळत नाही, भीती वाटते.’ सल्लागारांच्या अहवालात हे वाक्य कधीच येणार नाही. त्या उत्पादनाचा विचार आम्ही तिथेच थांबवला.

संदर्भासाठी विक्रेते आपले समाधानी ग्राहक देतात. त्यांच्याशी बोलाच, पण पहिला प्रश्न ठेवा: गेलं मोठं अपग्रेड कोणी केलं आणि किती महिने चाललं? त्यांचं उत्पादन सोडून गेलेल्या ग्राहकांशीही बोलायला आम्ही मागितलं. एकाच विक्रेत्यानं दिलं. त्या संभाषणातून बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळलं.

सुरक्षेची प्रश्नावली, विदा-संरक्षणाचा (डेटा सुरक्षित ठेवण्याचा) करार, विमा, आर्थिक स्थितीचे दाखले हे सगळं ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत चाललं. इथे करण्यासारखं फार काही नसतं, वाट बघावी लागते. सल्ला एकच: विदा-संरक्षणाचा मसुदा अंतिम निवडीची वाट न बघता शेवटच्या दोन विक्रेत्यांशी एकाच वेळी सुरू करा. त्यानं आमचा दीड महिना वाचला.

खर्चाबद्दल आकडे देत नाही, कारण ते संस्थेच्या आकारानुसार पूर्ण बदलतात. पण रचना सांगते. जुन्या पद्धतीत लायसन्स एकदा विकत घ्यायचं आणि दरवर्षी त्याच्या साधारण २० टक्के देखभाल भरायची. आता बहुतेक ठिकाणी वार्षिक वर्गणी आहे, आणि ती कशावर मोजली जाते यावर सगळं अवलंबून असतं: वापरकर्ते, पानांच्या भेटी, एपीआयच्या विनंत्या, डोमेन, भाषा. एपीआयच्या विनंत्यांवर मोजत असतील, तर शोधयंत्रांचे रोबो आणि तुमच्या स्वतःच्या चाचण्याही मोजल्या जातात का, ते विचारा. चाचणीसाठीचं वेगळं वातावरण वर्गणीत आहे की त्याचे वेगळे पैसे, तेही. आमच्या पहिल्या तीन वर्षांच्या एकूण खर्चात सॉफ्टवेअरची वर्गणी हा लहान भाग होता. मोठा भाग अंमलबजावणी करणाऱ्या कंपनीचा आणि मजकूर हलवण्याचा. ‘सॉफ्टवेअर स्वस्तात मिळालं’ म्हणून आनंदणाऱ्या अर्थविभागाला हे लवकर दाखवायला हवं. नूतनीकरणाच्या वेळी दर किती टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, याची मर्यादा सही करण्यापूर्वीच लिहून घ्या. त्यानंतर ती मिळत नाही.

आणि बाहेर पडण्याचं कलम. करारात ‘ग्राहकाला त्याचा डेटा मिळेल’ असं एक गोड वाक्य सगळ्यांकडे असतं. कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, आवृत्त्यांच्या इतिहासासकट का, लिंका आणि चित्रांचे संबंध टिकवून का, हे त्यात नसतं. या क्षेत्रात मानकं करण्याचे प्रयत्न झाले आहेत. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात मजकूर-साठ्यासाठी जेएसआर १७० हे मानक २००५ मध्ये आणि जेएसआर २८३ हे २००९ मध्ये पूर्ण झालं. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं सीएमआयएस हे मानक २०१० मध्ये मंजूर केलं. पण सीएमआयएसचा भर दस्तऐवजांवर आहे. टेम्प्लेट, कॉम्पोनंट, पानांची रचना यांसह अख्खं संकेतस्थळ एका उत्पादनातून काढून दुसऱ्यात ठेवता येईल, असं काही प्रत्यक्षात रुजलंच नाही. विक्रेत्यांना त्यात रस असण्याचं कारणही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतक्या वर्षांत हा उद्योग एवढं एक काम करू शकला असता, आणि लाखो पानं हातानं कॉपी करण्याचे श्रम वाचले असते.

म्हणून आम्ही निवडीआधी शेवटच्या दोघांकडून प्रत्यक्ष निर्यात करून घेतली. आमची शंभर पानं आत टाका आणि बाहेर काढून द्या. एकाकडून स्वच्छ जेसन (कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या) फाइल्स आल्या, क्षेत्रांची नावं वाचता येत होती. दुसऱ्याकडून आलेली निर्यात त्यांच्याच उत्पादनाशिवाय वाचता येत नव्हती. गुणांकनात दोघे जवळपास बरोबरीत होते, या चाचणीनं निर्णय झाला. निवडलेल्याचं नाव लिहीत नाही. आमच्या प्रसंगांवर ते उत्पादन बसलं, तुमच्यावर बसेलच असं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये करारावर सह्या झाल्या आणि मजकुराची रचना ठरवायला बसलो. जुन्या स्थळावर प्रत्येक पान म्हणजे एक मोठा चौकोन आणि त्यात ओतलेलं एचटीएमएल. कार्यक्रमाचं पान घ्या: तारीख वाक्यात, ठिकाण कोष्टकात, नोंदणीची लिंक चित्रावर. माणसाला वाचता येतं, पण यंत्राला त्यातून ‘पुढचे कार्यक्रम’ अशी यादी काढता येत नाही. नव्या रचनेत तारीख, ठिकाण, संपर्क, मुदत अशी वेगळी क्षेत्रं केली. काही संपादकांना हे बंधन वाटलं. एक जण रागावले होते, “आमचं पान आम्हाला हवं तसं मांडता येणार नाही का?” त्यांच्याबरोबर बसून त्यांचीच पंधरा पानं नव्या रचनेत भरून पाहिली. तारीख एका जागी बदलली आणि चारही ठिकाणी बदलली, तेव्हा ते म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलंत?” तरीही सुमारे पाच प्रकारच्या पानांना मोकळी मांडणी ठेवली. सगळं क्षेत्रांत कोंबायचा हट्ट धरला की लोक टीपेच्या रकान्यात अख्खा लेख लिहायला लागतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये डब्ल्यूसीएजी २.२ हे वेबच्या सुगम्यतेचं, म्हणजे अपंग वाचकांनाही पानं वापरता यावीत यासाठीचं, मानक प्रसिद्ध झालं होतं, त्यामुळे सुगम्यतेच्या अटी नव्या निकषांनुसार लिहिल्या. फारसं बोललं न जाणारं दुसरं मानक एटॅग २.० हे २०१५ चं. ते वाचकाच्या पानाबद्दल नाही, मजकूर तयार करणाऱ्या साधनाबद्दल आहे: दृष्टिहीन संपादकाला ते वापरता येतं का, आणि साधन संपादकाला सुगम मजकूर लिहायला मदत करतं का. आमच्याकडे एक सहकारी स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. जुन्या सीएमएसमध्ये ते दुसऱ्याकडून पानं टाकून घेत. आता स्वतः टाकतात. या सगळ्या प्रकल्पातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे.

मजकूर हलवणं मे महिन्यात सुरू झालं. बातम्या आणि सूचनांसारखी एकसारखी पानं स्क्रिप्टनं हलवली, बाकीची हातानं. स्क्रिप्टनं आलेल्या प्रत्येक पानाकडे माणसानं एकदा बघायलाच हवं. जुन्या रंगांचे कोड, तुटलेली कोष्टकं, पर्यायी वर्णन नसलेली चित्रं, चाचणी सर्व्हरकडे नेणाऱ्या लिंका असं काय काय निघालं. अंमलबजावणी करणाऱ्या कंपनीनं यासाठी दिलेला अंदाज प्रत्यक्षाच्या निम्माही नव्हता. लोक थकले. रोजचं काम सांभाळून हे करायचं होतं, आणि जुन्या स्थळावर केलेला प्रत्येक बदल नव्यावरही करावा लागत होता. तीन तात्पुरत्या सहकाऱ्यांची मागणी मी तेव्हाच केली आणि ती मान्य झाली. ही रक्कम सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरून ठेवा. प्रत्येक विभागासाठी मजकूर गोठवण्याचा, म्हणजे जुन्या स्थळावर बदल बंद ठेवण्याचा, काळ दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवला नाही. लांबवला की लोक तातडीच्या सूचना पीडीएफ करून कुठेतरी लटकवतात.

पुनर्निर्देशनाचा, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्याचा, तक्ता हे स्वतंत्र काम समजा आणि एकाच व्यक्तीकडे द्या. जुना पत्ता, नवा पत्ता, ३०१ (पान कायमचं हललं असं ब्राउझरला सांगणारा कोड). जे पान कायमचं काढलं त्याला ४१० हा कोड. सगळं मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सोपा मार्ग सुचवला गेला होता, तो आम्ही नाकारला. विशिष्ट नियम शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर आणून सोडणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. छापील पत्रकांवर, इतरांच्या पुस्तकांत, न्यायालयीन कागदांत आमचे पत्ते आहेत. ते चालू राहणं ही आमची जबाबदारी आहे, विक्रेत्याच्या किंवा डिझाइनरच्या ती लक्षातही येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला विभाग नव्या स्थळावर गेला. सगळं एका रात्रीत न करता विभागागणिक केलं, त्यासाठी काही महिने दोन्ही सीएमएस एकाच डोमेनमागे चालवले. तंत्रविभागाला ते त्रासाचं होतं, पण चूक झाली तरी एका विभागापुरती राहिली. डीएनएसची टीटीएल, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे हे इतरांनी लक्षात ठेवण्याची मुदत, काही दिवस आधी कमी केली. उद्घाटन नेहमी मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी. पहिले दोन आठवडे रोज सकाळी ४०४ च्या (पान सापडलं नाही अशा) नोंदी बघायच्या आणि दुपारपर्यंत तक्ता दुरुस्त करायचा. शोधयंत्रांतून येणाऱ्या भेटी पहिल्या महिन्यात घसरल्या, सगळे घाबरले, आणि हळूहळू त्या पूर्ववत झाल्या. हे होणार असं वरिष्ठांना आधी लेखी कळवलं होतं, त्यामुळे ते दिवस निभावले.

फेब्रुवारीत जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्याची स्थिर प्रत काढून संग्रहात ठेवली आणि ती उघडते याची खात्री केली. आता प्रत्येक पानाला पुनरावलोकनाची तारीख आहे, ती उलटली की जबाबदार व्यक्तीला ईमेल जातो. दर तिमाहीला आम्ही पूर्ण निर्यात काढतो आणि रिकाम्या डेटाबेसमध्ये वाचून बघतो. पहिल्या निर्यातीत तिसऱ्या भाषेच्या चित्रांची वर्णनं गळली होती, ते विक्रेत्यानं दुरुस्त करून दिलं, कारण परिशिष्टात ती अट होती. जुन्या पीडीएफचा ढीग अजून बाकी आहे. त्यातल्या अर्जांपासून आम्ही सुरुवात केली आहे. तिथे मोजणीचा तक्ता तोच वापरतो आहोत, फक्त ‘हा अर्ज ऑनलाइन करता येईल का’ असा एक रकाना वाढवला आहे.